गोड बोलण्याची दिशा ओळखा: मुलांना ऑनलाइन फूस लावणाऱ्याची भाषा आणि ती सापडल्यावर करायची कामं

मुलाच्या फोनमध्ये काहीतरी गडबड आहे असं वाटलं की बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. चॅट भराभर सरकवून घाणेरडा शब्द किंवा फोटो शोधला जातो. तो सापडला नाही तर “मित्रच आहे कुणीतरी” म्हणून फोन परत दिला जातो. सापडला तर मुलाला दोन ठेवून दिल्या जातात, चॅट पुसली जाते, समोरच्याला शिव्या घालून ब्लॉक केलं जातं. पहिल्या प्रकारात धोका डोळ्यांसमोरून निघून जातो. दुसऱ्यात पुरावा जातो आणि मुलाचा विश्वासही.

फूस लावणारा घाणेरड्या शब्दांनी सुरुवात करत नाही. बरेच दिवस त्याचं बोलणं घरातल्या कुणाहीपेक्षा गोड असतं. स्वान्सी विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ नुरिया लोरेन्झो-डुस यांनी अशी संभाषणं तपासली. कौतुक, इकडच्या तिकडच्या गप्पा, मुलाला एकटं पाडणं आणि ते कितपत ऐकतं याची चाचपणी, हे सगळे धागे त्यांना एकमेकांत गुंफलेले दिसले. म्हणून एकेक शब्द पकडून काही हाती लागत नाही. बोलणं कुठल्या दिशेला चाललंय, ते वाचावं लागतं.

खाली दिलेली वाक्यं मी नमुन्यासाठी रचली आहेत. कुठल्याही खऱ्या मुलाच्या चॅटमधली नाहीत.

## टप्पा १: काहीही घडण्याआधीची तयारी

हा टप्पा सगळे गाळतात, आणि पुढचं सगळं त्यामुळेच अडतं.

फूस लावणाऱ्याचा हुकमाचा पत्ता एकच असतो: “घरी कळलं तर तुझं काय होईल, विचार कर.” हे वाक्य खरं ठरतं की खोटं, ते त्याच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. ज्या घरात कमी मार्कांवरून, फुटलेल्या काचेवरून मूल बोलणी किंवा मार खातं, तिथे ते खरं असतं आणि मुलाला ते माहीत असतं. म्हणून सगळं ठीक असताना, एखाद्या साध्या संध्याकाळी, मुलाला हे सांगा:

“फोनवर तुला कुणी काहीही बोललं, तू काहीही पाठवलेलं असलं, तरी मला सांगितल्यावर मी ओरडणार नाही, मारणार नाही आणि त्यासाठी फोन काढून घेणार नाही. आपण मिळून बघू.”

तिसरा भाग विसरू नका. बरीच मुलं माराला जितकी घाबरत नाहीत तितकी फोन जाण्याला घाबरतात आणि त्यापायी गप्प राहतात.

नुसतं सांगून भागत नाही. पुढच्या वेळी मूल एखादी लहान चूक कबूल करेल तेव्हा शब्द पाळून दाखवा. तिथे आवाज चढला तर मोठी गोष्ट तुमच्यापर्यंत कधीच येणार नाही. शिवाय आई-बाबांना सांगायची लाज वाटली तर कुणाला सांगायचं, ते नाव आधीच ठरवा. आत्या, मामा, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, कुणीही चालेल. त्या व्यक्तीलाही ते माहीत असू द्या.

मग ही तीन कामं करा.

१. मुलाच्या शेजारी बसून कुठली अॅप आहेत आणि प्रत्येकावर त्याचं खातं कुठल्या नावाने आहे, ते वहीत लिहा. गेम सोडू नका. फ्री फायर, बीजीएमआय, रोब्लॉक्स यांतही अनोळखी माणसांशी बोलता येतं, आणि पालक गेमला चॅटचं अॅप समजतच नाहीत.

२. मुलं मराठी कशी लिहितात ते पाहा. रोमन अक्षरांत, स्वर गाळून, मध्येच हिंदी, मध्येच इंग्रजी. ठरावीक शब्द पकडून सूचना देणारं अॅप टाकलं असेल तर या भाषेपुढे ते आंधळं असतं. त्यावर विसंबून राहू नका.

३. १०९८ (बालकांसाठीची हेल्पलाइन), १९३० (सायबर गुन्ह्यांसाठी) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा. घाबरलेल्या माणसाला नंबर शोधायला सुचत नाही.

तपासणी: मुलाला सहज विचारा, “ऑनलाइन काही विचित्र झालं तर पहिल्यांदा कुणाला सांगशील?” नाव पटकन आलं नाही तर हा टप्पा अजून पुरा झालेला नाही.

## टप्पा २: बोलण्याची दिशा वाचायला शिका

खालच्या खुणा याच क्रमाने येतील असं नाही. त्या मागेपुढे होतात, काही गळतात. पण एकूण ओढ एकाच बाजूला असते: मुलाला घरापासून दूर आणि त्या माणसाच्या जवळ.

### नातं जोडणं आणि मग सोडवणं

अनोळखी मोठ्या माणसाला नातं लावून हाक मारायची आपली पद्धत आहे. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी. म्हणूनच “मला दादा म्हण” यात मुलाला काही खटकत नाही. दादा म्हटल्यावर अर्धा विश्वास आपोआप बसतो. काही दिवसांनी तोच माणूस म्हणतो, “दादा नको गं आता, नावाने हाक मार.” पहिल्या पायरीवर त्याने विश्वास मिळवला, दुसऱ्या पायरीवर वयातलं अंतर पुसलं. नातं बदलण्याचा हा क्षण शोधा.

ओळखीच्या माणसाच्या बाबतीतही हेच पाहायचं. फूस लावणारा दरवेळी परकाच असतो असं नाही. क्लासमधला कुणी, खेळाचा प्रशिक्षक, दूरचा नातेवाईक असू शकतो. “क्लासबाहेर मला सर म्हणू नकोस” हे वाक्य एका विद्यार्थिनीच्या फोनवर रात्री अकराला का यावं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

### घरात न झालेलं कौतुक

सुरुवात चित्राच्या, रीलच्या, गेममधल्या खेळाच्या कौतुकाने होते. ते खरंही असतं. मग ते वयावर येतं: “वयाच्या मानाने फार समजूतदार आहेस तू.” मग तुलनेवर: “बाकीच्या मुलींसारखी नाहीस.” मग शरीरावर. शेवटच्या पायरीवर मुलं गोंधळतात, कारण आधीच्या पायऱ्या सुखद होत्या. कौतुक वाईट नाही, पण ते कौशल्यावरून दिसण्याकडे सरकत असेल तर थांबून वाचा.

### ‘आपण’ आणि ‘ते’

मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत येतो. फूस लावणाऱ्याच्या बोलण्यात हे ‘आपण’ लवकर येतं आणि मुलाच्या घरचे ‘ते’ होतात. “आपलं वेगळं आहे.” “तुझ्या घरच्यांना नाही कळायचं.” “आई ओरडली? त्यांना तुझी किंमतच नाही.” मूल आईवर रुसलेलं असतं त्या दिवशी हे वाक्य औषधासारखं लागतं. चांगला मित्र “जाऊ दे, बोल आईशी” असंही म्हणतो. हा माणूस प्रत्येक भांडणात थोडं तेल ओततो, समेट कधीच सुचवत नाही.

### पहारा कुठे आहे याची चाचपणी

“जेवलीस का?” या प्रश्नात काही नाही. पण पाठोपाठ काय येतं ते पाहा. “घरी कोण आहे?” “आई कामावरून किती वाजता येते?” “फोन तुझा एकटीचा की घरातला?” “पासवर्ड कुणाला माहितीये?” “झोपतेस कुठे, वेगळी खोली आहे?” काळजीच्या सुरात विचारले जाणारे हे प्रश्न मुलाबद्दल नसतात, मुलाभोवतीच्या माणसांबद्दल असतात. चॅटमधले असे प्रश्न वहीत एकाखाली एक उतरवून काढा. सुटे असताना निरागस वाटणारे प्रश्न एकत्र वाचले की त्यामागचा हेतू स्पष्ट दिसतो.

### छोटे हुकूम आणि माघार

‘फक्त’, ‘जरा’, ‘एकदाच’, ‘ना’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. “फक्त आवाज ऐकव ना.” “जरा कॅमेरा सुरू कर.” “एकदाच.” मागणी किरकोळ असते. त्याला हवा असतो तो होकार, वस्तू नव्हे. मूल एकदा ऐकलं की पुढची मागणी थोडी मोठी असते.

मुलाने नकार दिला की लगेच माघार येते: “अगं मस्करी केली, किती मनाला लावून घेतेस!” दोन दिवसांनी तीच मागणी वेगळ्या शब्दांत परत येते. मस्करी एकदा होते. परत परत येते ती मागणी असते, मस्करी नाही.

### रुसवा आणि उपकार

“विश्वास नाही ना माझ्यावर? राहू दे.” मग दोन दिवस शांतता. शेवटी मूलच माफी मागतं. यालाच जोडून उपकारांची आठवण येते: गेममधले डायमंड्स, रिचार्ज, एखादं कुरियर. “मी बदल्यात कधी काही मागितलं का?” हा प्रश्न आला म्हणजे मागणी जवळ आली आहे. मुलाच्या गेममध्ये तुम्ही न दिलेल्या वस्तू दिसल्या तर कुणी दिल्या ते विचारा, शांतपणे.

### शपथ

ही खूण बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही, पण आपल्या घरांत तिचं वजन फार आहे. “तुला माझी शपथ, कुणाला सांगायचं नाही.” “आईची शपथ घे.” शपथ मोडली तर आईला काहीतरी होईल, असं लहान मुलं मनापासून मानतात. त्या भीतीने गप्प बसलेलं मूल घाबरट नसतं, ते आपल्या आईला वाचवत असतं. म्हणून आईनेच स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं: “कुणी माझी शपथ घालून गुपित ठेवायला सांगितलं तर ती शपथ मोडायची. मला काही होणार नाही. उलट मला बरं वाटेल.”

### जागा बदलणं

“इथे नको, स्नॅपवर ये.” “आपोआप पुसले जाणारे मेसेज सुरू कर.” चारचौघांच्या ग्रुपमधून खासगी चॅटमध्ये, तिथून पुसल्या जाणाऱ्या चॅटमध्ये, तिथून व्हिडिओ कॉलवर. प्रत्येक वेळी साक्षीदार कमी होत जातो.

### धमकी

इथे भाषा एकदम पालटते. लांब, लाडिक वाक्यं संपतात आणि तोडून टाकलेले हुकूम सुरू होतात. “दहा मिनिटं देतो.” “तुझ्या वर्गाचा ग्रुप आहे माझ्याकडे.” “बाबांचा नंबर पाठवू का तुला, त्यांचाच आहे ना बघ.” किशोरवयीन मुलग्यांच्या बाबतीत हा सगळा प्रवास एका संध्याकाळीही उरकतो: एका मुलीचं खातं, थोड्या गप्पा, एक फोटो, आणि लगेच पैशांची मागणी. मुलगा आहे म्हणून निर्धास्त असलेल्या पालकांनी हे नीट वाचावं.

सावधान: मराठीत क्रियापदावरून बोलणारा बाई की बुवा ते कळतं. मुलगी असल्याचं भासवणारा कधीतरी “मी जेवलो” लिहून जातो. ही खूण टिपून ठेवा, पण तीच पुरावा धरू नका. कोल्हापूरकडे मुलीही सहज “मी आलो” म्हणतात. आणि सराईत माणूस हिंदी-इंग्रजीत लिहून हा प्रश्नच टाळतो.

तपासणी: चॅट वाचून झाल्यावर चार प्रश्न विचारा. गुपित ठेवायला सांगितलंय का? ‘नाही’ म्हटल्यावर तीच मागणी परत आली का? घरच्यांविरुद्ध बोलणं आहे का? बोलण्याची जागा बदलायला लावली का? एकाचं उत्तर हो असेल तर मुलाशी बोला आणि लक्ष ठेवा. दोन किंवा जास्त असतील तर मी थांबणार नाही, थेट टप्पा ४ वर जाईन. धमकी किंवा शरीराचा फोटो मागितलेला असेल तर मोजत बसायचंच नाही.

## टप्पा ३: मुलाला काय शिकवायचं

“अनोळखी माणसाशी बोलू नकोस” हा सल्ला पुरत नाही. तीन आठवडे रोज बोलणारा माणूस मुलाच्या लेखी अनोळखी राहिलेला नसतो. त्याऐवजी मुलाला एक कसोटी शिकवा: कुणाबद्दल शंका आली तर त्याला एखाद्या साध्या गोष्टीला नाही म्हणून बघ. “आज कॉल नको.” मित्र “बरं” म्हणेल. जो रुसतो, टोमणे मारतो, उपकार काढतो, तो मित्र नाही. हे घरात दोघांनी मिळून खेळून बघा. तुम्ही गोड बोलून हट्ट धरा, मूल नाही म्हणेल. तोंडाला सवय झालेली वाक्यं वेळेला बाहेर येतात.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना गंमत आणि गुपित यांतला फरक सांगा. बाबांच्या वाढदिवसाची गंमत चार दिवसांनी सगळ्यांना कळणार असते. जे कधीच कुणाला कळू द्यायचं नाही असं एखादा मोठा माणूस सांगतो, ते त्याच दिवशी घरी सांगायचं.

तेरा-चौदाच्या पुढच्यांना उपदेश नको असतो. त्यांच्यासमोर टप्पा २ मधली वाक्यं ठेवा आणि विचारा, “यात तुला काय खटकतं?” बहुतेक वेळा ती तुमच्यापेक्षा लवकर ओळखतात.

सुटण्यासाठी एक वाक्य आधीच हाताशी द्या: “माझा फोन रोज आई बघते.” खरं नसलं तरी चालेल. आपल्याला वाईटपणा घ्यायला काही जात नाही.

## टप्पा ४: सापडल्यावरचा पहिला अर्धा तास

इथे क्रम बदलू नका.

१. बसा. मुलालाही बसवा. पहिलं वाक्य एवढंच: “सांगितलंस ते बरं केलंस. चूक त्याची आहे, तुझी नाही.” तुम्ही स्वतः फोन तपासताना सापडलं असेल तर: “मी वाचलंय. मी तुझ्यावर रागावलेलो नाही.”

२. ‘का’ने सुरू होणारा एकही प्रश्न नको. “का पाठवलास फोटो?” हा प्रश्न नसतो, आरोप असतो. चारच गोष्टी विचारा: तो आत्ता धमकी देतोय का? त्याला आपला पत्ता किंवा शाळा माहीत आहे का? भेटायचं ठरलंय का? काही फोटो किंवा व्हिडिओ गेलाय का? खोदून खोदून तपशील विचारू नका. मुलाला तेच पुन्हा जगावं लागतं, आणि नंतरच्या जबाबात तुमचे शब्द त्याच्या तोंडी आल्यासारखे होतात.

३. फोन चार्जिंगला लावा. उत्तर देऊ नका, ब्लॉक करू नका, काही पुसू नका, अॅप काढू नका.

४. भेट आजच ठरली असेल किंवा मूल घरातून निघून गेलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ११२ लावा.

५. त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका. “मला जगायचंच नाही” असं काही ते बोललं तर ते नाटक समजू नका. जवळ बसून राहा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा किंवा सरळ दवाखान्यात न्या. तक्रार दोन तास उशिरा झाली तरी चालेल.

सावधान: मुलाच्या नावाने स्वतः चॅट करून त्याला ‘पकडायला’ जाऊ नका. मित्रांना घेऊन भेटीच्या जागी जाणं तर अजिबात नको. तो सावध होऊन खातं बंद करतो, आणि तुम्ही लिहिलेली वाक्यं पुराव्यात मिसळतात.

## टप्पा ५: पुरावा

दुसऱ्या फोनने या फोनच्या पडद्याचे फोटो काढा. स्नॅपचॅटसारख्या ठिकाणी स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला सूचना जाते, म्हणून ही खबरदारी. व्हॉट्सअॅपवर पुसले जाणारे मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी जातात, तेव्हा उद्यावर ढकलू नका.

आधी त्याचं प्रोफाइल उघडा. दिसणारं नाव कुणीही बदलतं. खात्याचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक जशीच्या तशी लिहून घ्या. फोन नंबर, यूपीआय आयडी, बँक खातं, ग्रुपचं नाव, गेममधला आयडी, जे असेल ते. मग चॅट पहिल्या मेसेजपासून सलग, तारीख आणि वेळ दिसेल अशी. फक्त धमकीची पानं काढू नका. गोड बोलण्याची पानंही हवीत, कारण मुलाला कसं ओढत नेलं ते त्यांतूनच दिसतं. व्हॉट्सअॅपवर चॅट एक्सपोर्ट करण्याची सोय आहे, तीही वापरा.

सावधान, हे दोनदा वाचा: मुलाचा उघडा फोटो चॅटमध्ये असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, दुसऱ्या फोनवर पाठवू नका. नवऱ्याला नाही, भावाला नाही, वकिलाला नाही. असा फोटो जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. वहीत फक्त लिहा: “अमुक तारीख, अमुक वेळ, इथे फोटो आहे.” मूळ फोन तसाच पोलिसांना दाखवायचा.

एवढं झाल्यावर त्या अॅपवर खात्याची तक्रार नोंदवा आणि ब्लॉक करा. ब्लॉक करताना चॅट पुसण्याचा पर्याय समोर आला तर त्यावर खूण राहणार नाही हे पाहा. मुलाचं स्वतःचं खातं मात्र बंद करू नका.

तपासणी: वहीत युजरनेम, लिंक, पहिल्या आणि शेवटच्या मेसेजची तारीख आहे का? नसेल तर ब्लॉक करण्याआधी पुन्हा पाहा.

## टप्पा ६: फोटोची धमकी असेल तर

पैसे देऊ नका. एकदा दिले की तुम्ही देणारे आहात हे त्याला कळतं, आणि मागणी वाढते. दिलेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी थांबवायची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते. आणखी एक फोटो पाठवून त्याला ‘गप्प करायचा’ प्रयत्नही करू नका. बरीच मुलं नेमकं हेच करतात.

फोटो पसरू नये यासाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. अमेरिकेतली नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन ही संस्था ती चालवते. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी ती आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, तोच सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्यांच्या साइटवर तो फोटो ओळखून काढता येतो. नाव द्यावं लागत नाही. व्हॉट्सअॅपसारख्या बंद चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोवर मात्र याने इलाज होत नाही.

चेहरा जोडून बनवलेला खोटा फोटो असला तरी घाबरून गप्प बसू नका. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम ११ मध्ये खऱ्या आणि बनावट अशा दोन्ही चित्रांच्या धमकीचा उल्लेख आहे.

## टप्पा ७: तक्रार

दोन रस्ते आहेत आणि दोन्ही वापरावेत.

पहिला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन (cybercrime.gov.in). तिथे महिला आणि बालकांविषयीचा वेगळा भाग आहे. निनावी तक्रारही देता येते, पण तिचा पाठपुरावा करता येत नाही. स्वतःच्या मुलाचं प्रकरण असेल तर नाव देऊन करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. पोर्टलवर नोंद झाली म्हणजे एफआयआर झाला, असं धरून चालू नका.

दुसरा, पोलीस ठाणं. कुठल्याही ठाण्यात जा. “आमच्या हद्दीत येत नाही” हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेऊनच निघा.

कायद्याचे हे मुद्दे कागदावर लिहून न्या, बोलताना उपयोगी पडतात:

– माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब: मुलांना लैंगिक कृत्यासाठी ऑनलाइन संबंधात ओढणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड.

– पॉक्सो, कलम ११ आणि १२: लैंगिक हेतूने मुलाशी फोनवरून किंवा नेटवरून वारंवार संपर्क साधणं हाही लैंगिक छळ आहे. तीन वर्षांपर्यंत कैद. “हात तर लावला नाही ना?” असं कुणी म्हटलं तर हे कलम दाखवा.

– पॉक्सो, कलम २४ आणि २६: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासातली व्यक्ती सोबत असते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

– पॉक्सो, कलम १९ आणि २१: गुन्ह्याची माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. “शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू” म्हणणाऱ्या संस्थाप्रमुखालाही हे लागू होतं.

मुलाने स्वतःहून फोटो पाठवला, हे कारण तुम्हाला अडवायला पुरेसं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाची संमती पॉक्सो कायद्यापुढे चालत नाही.

पोलिसांनी फोन ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा. परदेशात असाल तर तिथल्या यंत्रणेकडे जा. ब्रिटनमध्ये सीईओपी (मुलांच्या ऑनलाइन शोषणाविरुद्धचा पोलीस विभाग), अमेरिकेत वर सांगितलेल्या संस्थेचीच सायबर टिपलाइन आहे. गुन्हेगार भारतात असला तरी सुरुवात तुमच्या शहरातूनच होईल.

सावधान: सोसायटीच्या किंवा वर्गाच्या ग्रुपवर “सगळ्यांनी सावध राहा” म्हणून त्या माणसाची चॅट टाकू नका. त्यात मुलाचं नाव नसलं तरी शाळेच्या ड्रेसवरून, बोलण्यावरून वर्गातली मुलं ओळखतात. इतर पालकांना सावध करायचंच असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि मुलाचं नाव गुप्त ठेवण्याची अट त्यातच घाला.

## टप्पा ८: नंतरचे दिवस

फोन परत द्या. पोलिसांकडे असेल तर दुसरा साधा फोन द्या. टप्पा १ मध्ये दिलेला शब्द इथे पाळला जातोय का, हे मूल बघत असतं. सगळे पासवर्ड त्याच्याकडूनच बदलून घ्या आणि अनोळखी खात्यांचे मेसेज येणार नाहीत अशी सेटिंग दोघांनी मिळून करा.

एक गोष्ट पालकांना पचत नाही, तरी सांगते. मुलाला त्या माणसाची आठवण येऊ शकते. त्याने धमकी दिली, फसवलं, तरी दोन महिने रोज कुणीतरी “जेवलीस का?” विचारत होतं, ते थांबलेलं असतं. “अजून त्याचाच विचार करतेस?” असं म्हणू नका. ती रिकामी जागा खरी आहे. समुपदेशकाची मदत घ्या. १०९८ वरून ती कुठे मिळेल ते कळू शकतं, आणि पॉक्सोच्या प्रकरणात बालकल्याण समितीमार्फत मुलाला साहाय्यक व्यक्तीही मिळू शकते.

आणि तो परत येईल याची तयारी ठेवा. नव्या नावाने, नव्या फोटोने, कधी माफी मागत: “फक्त एकदा बोल ना.” तेव्हा मुलाने उत्तर द्यायचं नाही, पुसायचंही नाही, फोन तसाच तुमच्याकडे आणून द्यायचा. तुम्ही टप्पा ५ प्रमाणे फोटो काढायचे, नवं युजरनेम वहीत उतरवायचं आणि एफआयआरचा क्रमांक घालून त्याच तपास अधिकाऱ्याकडे लेखी द्यायचं. पोच घ्यायला विसरू नका.